सर्फचा आवाज हवाय? मग आधी स्पीकर बघा!

गिटार घ्यायची ठरली की तुम्ही सहा महिने व्हिडिओ बघता. पिकअप कुठलं, नेकचं लाकूड कुठलं, तारा नऊच्या की दहाच्या, यावर कट्ट्यावर तासन्‌तास भांडता. मग पेडल्स येतात. आधी एक, मग दोन, मग ती ठेवायला वेगळा बोर्ड. हे सगळं पार करून तुमचा सिग्नल शेवटी पोचतो कुठे? तर अ‍ॅम्पसोबत जो आला, त्या स्पीकरमध्ये. तो कुणी बनवलाय, किती वॅटचा, किती ओहमचा, असं विचारलं तर बहुतेक जण अ‍ॅम्पच्या मागे वाकून बघायला लागतात.

माझं म्हणणं सरळ आहे. इलेक्ट्रिक गिटार वाजते तेव्हा तुमच्या कानावर येतो तो स्पीकरच्या कागदाचा आवाज. त्याच्या आधीचं सगळं म्हणजे तारेतून वाहणारी वीज. त्यामुळे टोन बदलायचा असेल तर पैसे आधी तिथे लावा. आणि सर्फ म्युझिकचा आवाज हवा असेल, तर सगळे जो स्पीकर ‘भारी’ म्हणतात तो बहुधा तुमच्यासाठी चुकीचा आहे. तुम्हाला फाटणारा स्पीकर नकोय, न फाटणारा हवाय.

सर्फ म्हणजे कुठलं हो?

नाव माहीत नसलं तरी आवाज तुम्ही ऐकलेला आहे. १९९४च्या ‘पल्प फिक्शन’ सिनेमात नावं पडताना जी गिटार सुसाट सुटते, ती डिक डेलची ‘मिसर्लू’. ब्लॅक आइड पीजच्या ‘पम्प इट’मध्येही तीच वाजते. मूळ धून पूर्व भूमध्य समुद्राच्या काठची, लोकसंगीतातली. डेलनं १९६२मध्ये ती इलेक्ट्रिक गिटारवर अशा वेगानं वाजवली की तिचा चेहराच बदलला.

हे संगीत दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, साधारण १९६१ ते १९६३च्या दरम्यान बहरलं. शब्द बहुतेक नाहीतच. एका तारेवर पिक वर-खाली इतक्या जलद फिरते की सूर तुटत नाही, पण प्रत्येक ठोका मात्र वेगळा कळतो. जाड तारांवर खालचे सूर, त्यावर ओलसर रिव्हर्ब आणि पाठीमागे ड्रम्स. बीच बॉइजची गाणी त्याच किनाऱ्यावरची, पण त्यांची ताकद गळ्यात होती. मी बोलतेय ते गिटारच्या सर्फबद्दल. यातली बरीच पोरं तर शाळकरी होती. ‘पाइपलाइन’ वाजवणारे शँटेज आणि ‘वाइप आउट’वाले सर्फारिज, दोन्ही बँड टीनएजर्सचे. दोन्ही रेकॉर्ड्स १९६३मध्ये गाजल्या. तेव्हा ‘आम्ही तर अजून कॉलेजात आहोत’ ही सबब इथे चालायची नाही!

रेडिओ दुरुस्त करणारा आणि अ‍ॅम्प जाळणारा

आता गोष्ट दोन माणसांची. पहिला लिओ फेंडर. मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी त्याचा कारखाना होता. स्ट्रॅटोकास्टर, जॅझमास्टर, जॅग्वार या गिटारी तिथल्याच. गंमत म्हणजे त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे. दुसरा डिक डेल. खरं नाव रिचर्ड मन्सूर, वडील लेबनॉनचे. डावखुरा असल्यानं तो उजव्या हाताची गिटार उलटी धरायचा, तारा न बदलता. आणि तारा तरी कशा? आपण नऊ-दहाची पहिली तार लावतो, त्याची पहिली तार सोळाची. अरबी तालवाद्य वाजवणाऱ्या काकांकडून उचललेली लय त्यानं उजव्या-डाव्याची पर्वा न करता थेट पिकमध्ये आणली होती.

डेल बाल्बोआच्या रांदेव्हू बॉलरूममध्ये वाजवायचा. समोर हजारो नाचणारी पोरं. माणसांनी भरलेला हॉल आवाज गिळून टाकतो, विशेषतः खालचे सूर. म्हणून डेल अ‍ॅम्प पूर्ण उघडायचा आणि अ‍ॅम्प मरायचे. स्पीकर फाटायचे, काही तर पेटायचे, असं तो पुढे अनेक मुलाखतींत सांगायचा. किती अ‍ॅम्प गेले याचा त्याचा आकडा मोठा आहे, त्यातलं थोडं मीठमसाला म्हणून सोडून देऊ. पण लिओ आणि त्याचा सहकारी फ्रेडी टावारेस त्या हॉलमध्ये येऊन उभे राहिले आणि त्यांना प्रश्न कळला, हे महत्त्वाचं. अ‍ॅम्पची पॉवर वाढवून भागणार नव्हतं. ती पॉवर झेलेल असा स्पीकरही लागणार होता.

तो स्पीकर त्यांना गिटारच्या दुनियेबाहेर सापडला. जेबीएल कंपनीचा १५ इंची डी १३०. हा १९४०च्या दशकाच्या अखेरीस आलेला स्पीकर होता. तो काही गिटारसाठी बनवलेला नव्हता, तर सगळं संगीत स्वच्छ ऐकवण्यासाठी. फेंडरच्या गरजेनुसार थोडे बदल करून त्याची वेगळी आवृत्ती निघाली, डी १३०एफ. शेवटचा ‘एफ’ फेंडरचा. अ‍ॅम्पचं नाव शोमन, ताकद सुमारे ८५ वॅट. पुढे एका पेटीत असे दोन स्पीकर बसवून ड्युअल शोमन आला.

आता इथे जरा थांबा. सर्फचं नाव काढलं की सगळे रिव्हर्बबद्दल बोलतात. पण डेलचं १९६१चं ‘लेट्स गो ट्रिपिन’ ऐका. सर्फ गिटारच्या अगदी पहिल्या रेकॉर्ड्समधली ती एक, आणि तिच्यात तो ओला रिव्हर्ब नाहीच! म्हणजे या संगीताचा पाया आधी घातला गेला तो मोठ्या, स्वच्छ, ठोकेदार आवाजानं. स्प्रिंगचं पाणी त्यावर नंतर शिंपडलं गेलं.

कागद कधी फाटतो?

थोडं विज्ञान बघू, परीक्षेला येणार नाही. स्पीकरच्या मध्यभागी तारेचं एक वेटोळं असतं, व्हॉइस कॉइल. ते चुंबकाच्या फटीत पुढे-मागे हलतं आणि स्वतःला चिकटलेला कागदी शंकू हलवतं. खालच्या सुरांना तो अख्खा शंकू साधारण एकसंध हलतो. वरच्या सुरांना कागदाचे वेगवेगळे भाग वेगवेगळे थरथरतात. जोर वाढला की कॉइल तापते, तिचा प्रवास संपत येतो आणि आवाजात एक खरखरीत, चरचरीत थर येतो. गिटारवाले याला ब्रेकअप म्हणतात. (तुमचा तो ब्रेकअप वेगळा, तरी लक्षणं बरीचशी सारखी.)

रॉकमध्ये हा ब्रेकअप हवाहवासा असतो. इंग्लंडच्या सेलेस्टियन कंपनीचा ग्रीनबॅक घ्या. २५ वॅटचा, १२ इंची. जोरात वाजवला की गोड फाटतो, ब्लूज आणि क्लासिक रॉकसाठी लाजवाब. त्याच कंपनीचा व्हिंटेज ३० मधल्या सुरांना पुढे ढकलतो, म्हणून भरगच्च बँडमध्येही गिटार ऐकू येते. दोन्ही स्पीकर उत्तमच. पण हेच गुण सर्फमध्ये अडचण होतात.

फरक बघायचा तर आकडे बघा. ग्रीनबॅकची व्हॉइस कॉइल पावणेदोन इंची. जेबीएल डी १३०ची चार इंची! मोठी कॉइल उष्णता पसरवून टाकते, जोर झेलते आणि शंकूला मोठ्या घेरावर धरून ठेवते. मधोमध अ‍ॅल्युमिनियमची घुमटी, तिच्यामुळे वरच्या सुरांना धातूची चकाकी. परिणाम काय? पिकचा प्रत्येक ठोका जसा हातातून सुटला तसाच बाहेर येतो.

हे आपल्या भाषेत सांगायचं तर ताशा आठवा. गणपतीच्या मिरवणुकीत पथक चालतं तेव्हा ढोलांच्या गर्जनेतूनही ताशाची प्रत्येक काडी वेगळी ऐकू येते. तेच वादन रेकॉर्ड करून ताणलेल्या साउंड सिस्टीमवर लावा. दणका मिळतो, छाती हादरते, पण काड्या गायब. नुसता ‘घर्र’. सर्फ गिटार म्हणजे ताशा आहे. काड्या ऐकू आल्या नाहीत तर उरलं काय?

रिव्हर्बचंही तेच. फेंडरचं वेगळं रिव्हर्ब युनिट १९६१चं. पेटीच्या आत खऱ्याखुऱ्या स्प्रिंग्स. तार हातानं दाबून ठोका मारलात की स्प्रिंग हिसका खाते आणि पाण्याच्या थेंबासारखा ‘टिप्’ असा आवाज येतो. सर्फवाल्यांचा जीव त्या थेंबात अडकलेला असतो. पण हा थेंब फार नाजूक. तो आधी तयार होतो आणि मग स्पीकरकडे जातो. स्पीकरनं त्यावर स्वतःची खरखर चढवली की थेंबाचा चिखल होतो. मग आपण म्हणतो, रिव्हर्ब पेडल बेकार आहे. आणि नवीन मागवतो!

घेताना काय बघायचं?

जुने जेबीएल आज दुर्मीळ आणि महाग. ते मिळाले नाहीत म्हणून रडायचं कारण नाही. स्पीकरच्या माहितीपत्रकातले चार आकडे वाचता आले की काम होतं.

पहिला आकडा ओहमचा. अ‍ॅम्पच्या मागे ४, ८ किंवा १६ ओहम असं लिहिलेलं असतं. स्पीकर त्याला जुळणाराच घ्या. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की ४ ओहम होतात, एकापुढे एक जोडले की १६. बारावीचं फिजिक्स शेवटी कुठेतरी कामाला आलं! अ‍ॅम्प ट्यूबचा असेल तर एक नियम पाठच करा. स्पीकर न जोडता तो कधीही चालू करून वाजवायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आणि ट्यूब अ‍ॅम्प उघडून आत हात घालायचा नाही. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल इतकी वीज शिल्लक राहू शकते. ते काम माहीतगार मेकॅनिकचं.

दुसरा आकडा वॅटचा. इथे कंजुषी नको. अ‍ॅम्प ज्या ताकदीचा, त्याच्या निदान दुप्पट ताकद झेलणारा स्पीकर घ्या. तो उशिरा फाटतो आणि तुम्हाला तेच हवंय. गिटारवाले या मोकळ्या जागेला हेडरूम म्हणतात. रॉकवाल्याला ती कमी हवी असते, सर्फवाल्याला जास्तीत जास्त.

तिसरा आकडा सगळ्यात दुर्लक्षित, सेन्सिटिव्हिटीचा. एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो, तो हा आकडा. तीन डेसिबलचा फरक म्हणजे दुप्पट पॉवरचा फरक. ९७ डेसिबलच्या जागी १०० डेसिबलचा स्पीकर लावलात, तर तुमचा २० वॅटचा अ‍ॅम्प जणू ४० वॅटचा झाला. आणि तेवढाच आवाज मिळवायला अ‍ॅम्पला निम्मंच ताणावं लागतं, म्हणून तोही स्वच्छ राहतो. नवा अ‍ॅम्प घेण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त. स्पीकर हा तुम्हाला मिळू शकणारा सर्वांत शहाणा अपग्रेड आहे असं मी म्हणते, ते यासाठी.

चौथा आकडा इंचांचा. १५ इंची स्पीकर अस्सल शोमनचा. खालचे सूर गोल आणि भारदस्त. पण त्याची पेटी रिक्षात बसवून दाखवा! १२ इंची हा व्यवहारी पर्याय, आणि दोन १२ इंची असतील तर सोन्याहून पिवळं, कारण दोघांत ताकद वाटली जाते. पेटी मागून बंद असेल तर खालचा सूर घट्ट आणि नेमका येतो, शोमनची तशीच होती. मागून उघडी असेल तर आवाज खोलीभर पसरतो, फेंडर ट्विन रिव्हर्बसारखा. सर्फला दोन्ही चालतात. मला विचाराल तर जाड तारांवर वाजवणाऱ्यानं बंद पेटी घ्यावी.

नावं हवीत? जेन्सनचा सी १२के हा १०० वॅटचा, स्वच्छ राहणारा १२ इंची स्पीकर आहे. फेंडरच्या ट्विन रिव्हर्बच्या नव्या आवृत्तीत तो बसवला जातो. सी १२एन हा कमी ताकदीचा, पण साठच्या दशकातली ती चमक देणारा. वेबरचा कॅलिफोर्निया तर जुन्या जेबीएलच्या वळणावरच बनवलेला, अ‍ॅल्युमिनियमच्या घुमटीसकट. यातलंच काही घ्या असा आग्रह नाही. जाहिरातीत ‘क्रीमी’, ‘क्रंची’, ‘लवकर फुलणारा’ असं वर्णन असेल तर पुढे जा. ‘स्वच्छ’, ‘घट्ट’, ‘चमकदार’ असं असेल तर थांबून ऐका.

ऐकायचं कसं? दुकानात जाऊन आपली नेहमीची रिफ वाजवू नका. सर्वांत जाड तार मोकळी सोडा, त्यावर पिक वर-खाली जमेल तितकी जलद चालवा आणि आवाज तीनवरून सहावर न्या. ठोके मोजता येतायत का? की सहावर गेल्यावर त्यांची एकच रेघ झाली? मग रिव्हर्ब पूर्ण उघडा, तार दाबून एकेक ठोका मारा. थेंब ऐकू आला तर स्पीकर तुमचा.

‘पण आता प्लग-इन आहेत की!’

हा आक्षेप येणारच, आणि तो रास्त आहे. हॉस्टेलच्या खोलीत १५ इंची स्पीकर कोण लावणार? आपल्यातले कितीतरी जण लॅपटॉपला इंटरफेस जोडून हेडफोनवर वाजवतात. पण सॉफ्टवेअरमध्येही अ‍ॅम्पच्या खाली ‘कॅब’ नावाचा एक कप्पा असतोच ना? तो म्हणजे स्पीकरच. खऱ्या स्पीकरचा आवाज मोजून बनवलेल्या त्या फाइल्स, आयआर म्हणतात त्यांना, ढिगानं फुकट मिळतात. एक प्रयोग आजच करा. गिटार तीच, अ‍ॅम्प तोच, पेडल तेच. फक्त ग्रीनबॅकवाली कॅब काढून जेबीएल किंवा जेन्सनवाली लावा. कुठलाही नॉब इतका फरक पाडत नाही. एक मर्यादा मात्र ध्यानात असू द्या. आयआरमध्ये स्पीकरचा रंग येतो, जोर वाढवल्यावर होणारं त्याचं फाटणं येत नाही. तरी कान तयार व्हायला एवढं पुरे, आणि तेही एक रुपया न घालवता.

दुसरा आक्षेप असा की सगळे मोठे लोक अमुकच स्पीकर वापरतात. वापरू देत. ते अमुकच संगीत वाजवतात. ‘बेस्ट स्पीकर’ असं काही नसतं, कशासाठी बेस्ट एवढंच असतं. शोमनमधला तो जेबीएल हेवी मेटलवाल्याला दिलात तर तो तुम्हाला शिव्या देईल.

तिसरा मुद्दा आपल्या खोल्यांचा. कमी आवाजात कुठलाच स्पीकर फाटत नाही, मग हा खटाटोप कशाला? कारण स्पीकर फाटायच्या आधीही रंग चढवतच असतो. मधले सूर फुगवणारा स्पीकर हळू वाजवला तरी ते फुगवतोच. आणि जॅम रूममध्ये सराव करणार असाल तर तिथे रोलंडचा जेसी १२० आहे का, एवढं विचारा. ट्यूब नाहीत, दोन १२ इंची स्पीकर, प्रत्येकाला ६० वॅट. रॉकवाली पोरं त्याला ‘फारच स्वच्छ’ म्हणून नाकं मुरडतात. तुम्ही तोच पकडा.

जाता जाता कानांबद्दल. हेडरूम म्हणजे जास्त आवाज करायचा परवाना नव्हे. स्वच्छ आवाज कानाला टोचत नाही, म्हणून किती मोठा झालाय ते कळत नाही. सरावाला इअरप्लग वापरा. गेलेली श्रवणशक्ती कुठल्याही दुकानात मिळत नाही.

स्वच्छ वाजवायला धाडस लागतं

आता मनातलं बोलते. आपण फाटका आवाज निवडतो त्यामागे फक्त आवड नसते, भीतीही असते. डिस्टॉर्शन मायाळू असतं. अर्धवट दाबलेला सूर, निसटलेली पिक, डगमगलेली लय, सगळं पोटात घेतं. फेस्टच्या स्टेजवर ते कामाला येतं, कबूल. पण स्वच्छ स्पीकर काहीच झाकत नाही. जे वाजवलं तेच ऐकवतो, मित्रासारखं नाही, परीक्षकासारखं.

म्हणूनच मला तो हवा वाटतो. पहिल्या आठवड्यात तुम्हाला तुमचंच वादन आवडणार नाही. दुसऱ्या आठवड्यात हात सुधारायला लागेल, कारण कान खोटं ऐकणं बंद करतील. पेडल घेऊन हा बदल होत नाही. साठ वर्षांपूर्वीची ती शाळकरी पोरं त्या जलद, नागड्या आवाजात उभी राहिली. सगळ्यांकडे काही शोमन नव्हता. पण लपायला जागाही नव्हती.

तेव्हा पुढच्या पेडलसाठी साठवलेले पैसे जरा बाजूला ठेवा. अ‍ॅम्प फिरवा, मागे वाका आणि स्पीकरवरचं लेबल वाचा. ओहम, वॅट, इंच. सर्फच्या लाटेवर स्वार व्हायचं असेल तर निदान आपल्या फळीचं नाव तरी माहीत हवं ना?